सीमाप्रदेशाचा नकाशा आणि स्थलनामे : अरुणाचल प्रदेशातील प्रशासकीय विभागांच्या नावांचा एक विचार

१. प्रश्नाचे स्वरूप

डोंगराळ सीमाप्रदेशाचा नकाशा तयार करताना भूमापकाला दोन भिन्न स्वरूपाची कामे करावी लागतात. शिखरे, खिंडी, नद्या व वस्त्या यांची स्थाने निश्चित करणे हे पहिले काम होय. त्या स्थानांशेजारी नावे लिहिणे हे दुसरे. पहिल्या कामाला गणिताचा आणि उपकरणांचा आधार असतो, आणि त्यातील चूक पुढील मापनाने दुरुस्त करता येते. दुसऱ्या कामाला आधार असतो तो ऐकलेल्या शब्दाचा. हा शब्द कोणी उच्चारला, कोणत्या भाषेत उच्चारला, कोणत्या दुभाष्यामार्फत तो भूमापकापर्यंत पोहोचला आणि कोणत्या लिपीत उतरविला गेला, याची कसलीही खूण नकाशावर राहत नाही. नाव तेवढे राहते, आणि एकदा छापले गेल्यावर त्याला प्रमाणत्व प्राप्त होते.

भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने लक्ष घालावे असा विषय येथे सुरू होतो. तो स्पष्ट करण्यासाठी अरुणाचल प्रदेशाइतके उपयुक्त उदाहरण भारतात क्वचित सापडेल. सुमारे ८३,७४३ चौरस किलोमीटर क्षेत्रफळाच्या या राज्याला पश्चिमेस भूतान, उत्तरेस तिबेट आणि पूर्वेस म्यानमार यांच्या सीमा लागल्या आहेत. तेथे तिबेटो-बर्मन कुलातील अनेक भाषा बोलल्या जातात. पश्चिमेकडे मोनपा व तत्सम बोली. मध्यभागी न्यिशी, आपातानी, गालो, आदी इत्यादी तानी वर्गातील भाषा. पूर्वेकडे इदू, तराओन व कमान या मिश्मी समाजांच्या भाषा. आग्नेयेस नोक्ते, वांचो, तांगसा व सिंगफो. आणि त्यांच्या शेजारी ताई कुलातील खामती, असा हा विस्तार आहे. पायथ्याशी असमिया भाषेचे क्षेत्र आहे, आणि डोंगरातील नावे बाहेरच्या जगाला प्रथम कळली ती बव्हंशी त्या भाषेच्या द्वारे. प्रस्तुत लेखात या प्रदेशातील प्रशासकीय विभागांच्या व गावांच्या नावांची उकल करून, नाव देणे आणि नाव नोंदविणे या दोन क्रियांतील भेद दाखविण्याचा हेतू आहे.

२. विभागनामांचे पाच थर

विभागांची नावे कालानुक्रमे मांडली असता त्यांत पाच थर स्पष्ट दिसतात.

पहिला थर मैदानातील ठाण्यांचा. १८७३ च्या बंगाल पूर्व सीमा विनियमाने 'इनर लाइन' आखून डोंगर व मैदान यांच्यातील ये-जा नियंत्रित करण्यात आली. पुढे १९१४ मध्ये डोंगराळ मुलूख आसामातील जिल्ह्यांपासून वेगळा काढून त्याचे 'फ्रंटियर ट्रॅक्ट' करण्यात आले, आणि १९१९ पासून त्यांपैकी दोन मोठे विभाग बालीपाडा आणि सदिया या नावांनी ओळखले जाऊ लागले. ही दोन्ही गावे आसामच्या मैदानातील होत. ज्या ठाण्यावरून अधिकारी डोंगरात जात, त्या ठाण्याचे नाव समोरच्या साऱ्या डोंगराला मिळाले. त्या नावात डोंगराविषयी कोणतीही माहिती नाही. पाहणारा कोठे उभा होता एवढेच त्यातून कळते.

दुसरा थर लोकनामांचा. १९४८ मध्ये सदिया विभागाची फोड करून अबोर हिल्स आणि मिश्मी हिल्स असे दोन जिल्हे करण्यात आले. येथे नाव डोंगरात शिरले खरे, पण ते डोंगरातील लोकांचे स्वतःचे नाव नव्हते. 'अबोर' हा मैदानातील असमिया भाषिकांचा शब्द असून 'अंकित नसलेला, बेबंद' अशी त्याची अर्थच्छटा आहे. ज्यांना तो लावला गेला ते स्वतःला 'आदी' म्हणवितात. मराठी वाचकाला हा शब्द संस्कृत 'आदि'सारखा भासतो, परंतु त्याच्याशी याचा संबंध नाही. आदी भाषेत त्याचा अर्थ डोंगर असा होतो. इदू मिश्मींना असमियात 'चुलिकटा' म्हणजे केस कापलेले असे म्हणत. 'डफला' हे नावही असेच बाहेरून आलेले आणि त्या समाजास अवमानकारक वाटणारे होते. अनुसूचित जमातींच्या यादीतून ते काढून त्याजागी 'न्यिशी' हा शब्द घालण्यासाठी २००८ मध्ये संसदेला कायद्यात दुरुस्ती करावी लागली. कोकणातल्या माणसाने देशावरच्या माणसाला 'घाटी' म्हणावे, त्याच जातीचे हे नामकरण. फरक एवढाच की येथे ते नाव जिल्ह्याच्या पाटीवर आणि नकाशावर चढले.

तिसरा थर नद्यांचा. १९५४ च्या विनियमाने 'नॉर्थ-ईस्ट फ्रंटियर एजन्सी' म्हणजे नेफा या नावाखाली सहा सीमांत विभाग करण्यात आले : कामेंग, सुबनसिरी, सियांग, लोहित, तिराप आणि त्वेनसांग. यांपैकी त्वेनसांग हे गावाचे नाव असून तो विभाग १९५७ मध्ये नागा टेकड्यांशी जोडला गेला. उरलेली पाचही नावे नद्यांची आहेत. अबोर हिल्सचे सियांग झाले, मिश्मी हिल्सचे लोहित झाले. या बदलाचे महत्त्व दुहेरी आहे. एकतर एका समाजाचे नाव अनेक समाजांच्या वस्तीला चिकटविण्याचा दोष त्यामुळे टळला. दुसरे असे की, ज्या प्रदेशात रस्ते नदीच्या खोऱ्यांनीच जात, तेथे खोरे हेच प्रशासनाचे स्वाभाविक एकक ठरले आणि दोन खोऱ्यांमधील पाणलोट ही विभागाची सीमा म्हणून सहज स्वीकारता आली.

चौथा थर दिशांचा. १९६५ मध्ये विभागांचे जिल्हे झाले. २० जानेवारी १९७२ रोजी अरुणाचल प्रदेश हा केंद्रशासित प्रदेश आणि २० फेब्रुवारी १९८७ रोजी राज्य अस्तित्वात आले. या दरम्यान, १९८० मध्ये, मोठ्या जिल्ह्यांचे विभाजन होऊन पूर्व कामेंग व पश्चिम कामेंग, पूर्व सियांग व पश्चिम सियांग, तसेच अपर सुबनसिरी व लोअर सुबनसिरी अशी जोडनावे प्रचारात आली. येथे दोन भिन्न निर्देशपद्धती एकत्र आल्या आहेत. पूर्व-पश्चिम हा भेद होकायंत्राचा, तर अपर-लोअर हा नदीच्या प्रवाहाचा. आदी व गालो यांसारख्या भाषांत निर्देशक सर्वनामांतच 'वरच्या अंगाचा, नदीच्या उगमाकडचा' आणि 'खालच्या अंगाचा, प्रवाहाकडचा' असा भेद केला जातो. म्हणजे अपर-लोअर ही विशेषणे इंग्रजी असली, तरी त्यांमागील दृष्टी स्थानिक भाषांच्या अधिक जवळची आहे.

पाचवा थर लहान नद्यांचा व स्थानिक नावांचा. पापुम आणि पारे या नद्यांवरून पापुम पारे. कुरुंग आणि कुमे यांवरून २००१ मधील कुरुंग कुमे. सुबनसिरीच्या कामले या उपनदीवरून कामले. आणि २०२४ मध्ये बिचोम व केयी पान्योर. शेवटचे उदाहरण विशेष बोलके आहे. आसामच्या मैदानात जिला रंगानदी म्हणतात, तिलाच वर डोंगरात न्यिशी लोक पान्योर म्हणतात. १९५४ मध्ये मोठ्या नद्यांची स्वीकारलेली नावे बव्हंशी मैदानाच्या परिचयाची होती. सत्तर वर्षांनंतर जिल्ह्याच्या नावासाठी निवड झाली ती डोंगरातील नावाची.

३. एक प्रवाह, अनेक नावे

रंगानदी व पान्योर ही जोडी अपवाद नव्हे. जी नदी तिबेटात त्सांगपो, ती आदी प्रदेशात सियांग, पायथ्याशी दिहांग आणि दिबांग व लोहित यांच्याशी संगम झाल्यावर ब्रह्मपुत्र होते. नावाच्या या भेदामुळे एकोणिसाव्या शतकात भूगोलाचा एक मोठा प्रश्न निर्माण झाला होता : त्सांगपो हीच दिहांग काय? त्याचा छडा लावण्यासाठी १८८० मध्ये धाडलेला किंथुप वाटेत गुलाम म्हणून विकला गेला. सुटका करून घेऊन त्याने ठरल्याप्रमाणे खुणेचे ओंडके त्सांगपोत सोडले, पण खाली त्यांवर लक्ष ठेवणारे कोणी नव्हते. १८८४ मध्ये तो परतला तेव्हा त्याच्या वृत्तांताला पूर्ण मान्यता मिळाली नाही. १९१३ मध्ये बेली आणि मोर्सहेड यांनी दिबांग खोऱ्यातून त्सांगपोच्या घळीकडे व तेथून पश्चिमेस तवांगपर्यंत प्रवास करून केलेल्या पाहणीने त्याच्या म्हणण्याला पुष्टी मिळाली.

नद्यांच्या नावांतील जलवाचक घटक पाहू लागले असता भाषांचे जुने विस्तार दृष्टीस पडतात. दिहांग, दिबांग, दिहिंग, दिसांग, दिखौ या नावांच्या आरंभी येणारा 'दि' हा बोडो वर्गातील 'पाणी' या अर्थाचा शब्द मानला जातो. दिमासा भाषेत तो आजही याच रूपात आहे. ज्या भागात बोडो वर्गातील भाषा आज ऐकू येत नाहीत तेथेही हा 'दि' आढळतो, ही गोष्ट इतिहासाच्या अभ्यासकाने दुर्लक्षिण्याजोगी नाही. तानी भाषांत पाण्याला 'असि', 'इसि' अशा रूपांचे शब्द आहेत. खामतीत पाणी म्हणजे 'नाम'. नामसाई या जिल्ह्याच्या नावात 'नाम' म्हणजे पाणी व 'साई' म्हणजे वाळू. तिबेटी-मोनपा पट्ट्यात पाण्याला आणि नदीला 'चू' म्हणतात. लोहित हे संस्कृत परंपरेतील 'लौहित्य' या नावाशी जोडलेले नाव होय.

परंतु केवळ ध्वनिसादृश्यावर विसंबून व्युत्पत्ती लावणे किती धोक्याचे असते, हेही याच प्रदेशात शिकता येते. नामसाईतील 'नाम' आणि सीमेपलीकडील नामचा बारवा या शिखराच्या नावातील 'नाम' कानाला सारखेच आहेत. पहिला ताई शब्द असून त्याचा अर्थ पाणी. दुसरा तिबेटी असून त्याचा अर्थ आकाश. नकाशावर दोन्ही नावे रोमन लिपीत एकाच पद्धतीने लिहिली जातात आणि त्यांची भाषा कोणती हे नकाशा सांगत नाही. त्याचप्रमाणे सियांग व सियोम यांतील 'सि' तानी जलवाचक शब्दाशी जोडण्याचा मोह होतो. तथापि त्या त्या गावच्या भाषकाकडून पूर्ण रूप व त्याचे घटक तपासून घेतल्याखेरीज असा निर्णय देणे शास्त्रीय ठरणार नाही.

४. गावांची नावे : सामान्यवाचक आणि विशेष

स्थलनामात पुष्कळदा दोन घटक असतात : स्थळाचा प्रकार सांगणारा सामान्यवाचक आणि त्याला वेगळे करणारा विशेष. मराठीतील वाडी, खिंड, दरा हे सामान्यवाचक होत. नोंद करणाऱ्याला स्थानिक भाषा अवगत नसेल तर सामान्यवाचक हाच नावाचा भाग समजून त्यापुढे आपल्या भाषेतील सामान्यवाचक पुन्हा जोडला जातो. तिबेटीत 'ला' म्हणजे खिंड. सेला, बूमला, बोमडिला या सर्वांत तो आहे. तरीही 'सेला खिंड' असे लिहिले जाते. 'नामका चू नदी' हा प्रयोगही तसाच. ही द्विरुक्ती व्यवहारात निरुपद्रवी असली, तरी नाव नोंदविताना भाषा ओळखली गेली नव्हती याचा तो पुरावा असतो. बोमडिला हे आज जिल्ह्याचे मुख्य ठिकाण असलेले शहर आहे; नावात मात्र खिंड कायम आहे.

मराठी वाचकाने अधिक सावध राहावे असे उदाहरण पासीघाटचे. मराठीत घाट म्हटला की नदीच्या पायऱ्यांबरोबरच सह्याद्रीतील चढणीची वाट मनात येते, आणि डोंगराळ प्रदेशातील गाव म्हटल्यावर दुसरा अर्थच प्रथम सुचतो. पासीघाट हे सियांगकाठचे गाव असून येथील घाट म्हणजे नदीचा उतार. 'पासी' हे आदी समाजातील एका गटाचे नाव. म्हणजे विशेष घटक आदी, तर सामान्यवाचक असमिया, असे हे मिश्र नाव १९११ मध्ये वसलेल्या ठाण्याचा इतिहास आपल्यात साठवून आहे. राजधानी इटानगरचे नाव तेथील विटांच्या जुन्या किल्ल्यावरून, 'इटा किल्ल्या'वरून, पडले. असमिया 'इटा' आणि मराठी 'वीट' हे दोन्ही शब्द संस्कृत 'इष्टका' या एकाच मूळ शब्दाकडे जातात. राजधानीचे नाव स्थानिक तिबेटो-बर्मन भाषांतील नसून भारतीय आर्यभाषेतील आहे, हे येथे लक्षात घ्यावयास हवे.

गावाच्या नावाबरोबर गावाचे स्थानही संदिग्ध असू शकते. आपातानी लोकांच्या सखल खोऱ्यात हाँग, हारी, हिजा, बुल्ला इत्यादी दाट वस्तीची जुनी गावे आहेत. 'झिरो' हे नाव साऱ्या खोऱ्याला लावले जाते. जुने झिरो वेगळे, आणि ज्या ठिकाणी सरकारी कचेऱ्या उभ्या राहिल्या ते हापोली हे नवे झिरो. लहान प्रमाणाच्या नकाशावर 'झिरो' या नावाचा एकच ठिपका टाकला की खोरे, जुने गाव आणि कचेरीचे गाव हे तीन अर्थ एका बिंदूत कोंबले जातात. याखेरीज, फिरत्या शेतीच्या प्रदेशात वस्ती स्थलांतर करते तेव्हा नावही लोकांबरोबर जाऊ शकते. अशा वेळी नाव हे भूमीच्या तुकड्याचे नसून समाजाचे असते, आणि ते बिंदूला बांधणारा नकाशा काही वर्षांतच जुना होतो.

५. लिपीची मर्यादा

भारतीय सर्वेक्षण खात्याने रोमन लिप्यंतरासाठी हंटर यांची पद्धती स्वीकारली. भारतीय आर्यभाषांच्या वर्णमालेला ती सोयीची असली, तरी तानी भाषांतील मध्यस्वरांसाठी तिच्यात चिन्हे नाहीत. आदी भाषेच्या रोमन लेखनात हे दोन स्वर 'इ' व 'ए' यांच्या चिन्हांवर आघातचिन्ह देऊन दाखवितात. नकाशावर येताना ते चिन्ह गळते आणि दोन भिन्न स्वर एक होतात. आपातानीसारख्या भाषेत सुरांमुळे अर्थभेद होतो, पण सूर नकाशावर उमटत नाही. तिबेटी नावांची अडचण उलट प्रकारची आहे. तवांग हे नाव तिबेटी लेखनात 'र्ता' म्हणजे घोडा आणि 'द्बाङ' या शब्दांनी लिहितात, व मठाची जागा घोड्याने निवडल्याची आख्यायिका त्याला जोडलेली आहे. उच्चारात मात्र आरंभीचे 'र्' आणि 'द्' येत नाहीत. येथे लेखन धरावे की उच्चार, हा निर्णय अगोदर घ्यावा लागतो.

मराठी नकाशासंग्रहांत आणखी एक पायरी वाढते. ही नावे स्थानिक उच्चारावरून न घेता इंग्रजी अक्षरांवरून घेतली जातात. शिवाय मराठीतील च आणि ज या अक्षरांना तालव्य व दंततालव्य असे दोन उच्चार असल्याने, मूळ भाषेतील कोणता ध्वनी अभिप्रेत आहे हे वाचकाला कळत नाही. 'आलो' या गावाचे जुने छापील रूप 'अलाँग' वाचणाऱ्याला तर ते एक इंग्रजी अव्यय भासते.

६. सीमारेषा आणि नाव

अंतर्गत विभागात नावाची चूक गैरसोय करते. सीमेवर ती याहून गंभीर ठरते. १९१४ च्या मार्च महिन्यात मॅकमहोन आणि तिबेटचे प्रतिनिधी लोनचेन शात्रा यांच्यात जी रेषा मान्य झाली, ती इंचाला आठ मैल या प्रमाणाच्या नकाशावर काढली होती. या प्रमाणात एक मिलिमीटर जाडीची रेघ भूमीवर सुमारे अर्धा किलोमीटर रुंदीची होते. अशा रेषेचा अर्थ लावताना पाणलोट, खिंड व वस्ती यांच्या नावांचा आधार घ्यावाच लागतो, आणि तीच नावे अनिश्चित असतील तर वाद मिटण्याऐवजी वाढतो. १९६२ मध्ये नामका चूच्या काठी स्थापन झालेल्या भारतीय चौकीला 'धोला' असे नाव होते. तीच जागा चिनी पत्रव्यवहारात 'चे-डोंग' म्हणून येत होती. दोन्ही बाजूंची पत्रे एकत्र वाचणाऱ्याला, एकाच जागेविषयी वाद चालू आहे हे आधी सिद्ध करून घ्यावे लागते.

अलीकडच्या काळात नाव हेच वादाचे साधन झाले आहे. चीनच्या शासनाने अरुणाचलातील स्थळांसाठी आपल्या पसंतीच्या नावांच्या याद्या २०१७ मध्ये सहा, २०२१ मध्ये पंधरा, २०२३ मध्ये अकरा, २०२४ मध्ये तीस आणि २०२५ मध्ये सत्तावीस अशा क्रमाने प्रसिद्ध केल्या. या याद्यांत वस्त्या, शिखरे, नद्या, खिंडी अशी विविध स्थळे आहेत. भारत शासनाने प्रत्येक वेळी त्या फेटाळल्या. राजकीय भाग बाजूस ठेवला तरी भाषाशास्त्राला येथे एक स्पष्ट विधान करता येते. दूरच्या राजधानीत बसून तयार केलेली यादी हे नामकरण होय, नोंद नव्हे. कारण तिच्यातील रूपांमागे त्या स्थळी राहणाऱ्या भाषकाची साक्ष नसते. मात्र ही कसोटी एकाच बाजूला लावून चालणार नाही. बालीपाडा, अबोर हिल्स, डफला ही नावेही अशीच बाहेरून दिलेली होती, आणि ती बदलण्यास अनेक दशके लागली.

७. नोंदीची पद्धती

या विवेचनातून क्षेत्रकार्यासाठी काही नियम निघतात. प्रत्येक स्थलनामाची नोंद करताना पुढील बाबी स्वतंत्रपणे लिहाव्यात : स्थानिक भाषकाच्या मुखातील रूप, स्वर व सूर यांसह ध्वनिलिपीत, त्या रूपाची भाषा आणि माहिती देणाऱ्याचे गाव, सामान्यवाचक व विशेष या घटकांची फोड, भाषकाने सांगितलेल्या अर्थासह, शेजारच्या समाजांत त्याच स्थळाला असलेली अन्य नावे, शासकीय दप्तरातील रूपे, ज्या त्या वर्षासह, आणि नाव नेमके कशाचे आहे, म्हणजे बिंदूचे, खोऱ्याचे, प्रवाहाच्या कोणत्या टप्प्याचे की समाजाचे. आख्यायिका आणि व्युत्पत्ती या दोन वेगळ्या रकान्यांत ठेवाव्यात. आख्यायिका लोकांच्या स्मृतीचा पुरावा आहे, शब्दाच्या इतिहासाचा असेलच असे नाही.

या कामाला कालमर्यादा आहे. आज अरुणाचलातील भिन्नभाषी समाजांचा परस्परव्यवहार बव्हंशी हिंदीत आणि शासनव्यवहार इंग्रजीत चालतो. पाटीवर छापलेले रूपच नव्या पिढीच्या तोंडी बसू लागले, म्हणजे छापील चूक हाच उच्चार होतो आणि मग ती चूक होती हे दाखविण्यास आधार उरत नाही. जिल्ह्यांची नावे अधिसूचनेने बदलता येतात, हे पान्योरने दाखविले आहे. परंतु डोंगरातले नाव स्वीकारण्यासाठी ते नाव कोणाच्या तरी बोलण्यात तोवर टिकून असावे लागते. पान्योर टिकून होते. लहान ओढ्यांची, पडक्या वस्त्यांची आणि खिंडींची अशी किती नावे वृद्ध भाषकांबरोबर लोपत आहेत, याची गणना नकाशा करू शकत नाही. ती नावे लिहून ठेवण्याचे काम भाषाशास्त्राच्या अभ्यासकाकडे येते.